ट्रॉमासाठी थेरपिस्ट शोधताय? आधी हे विचारा

फोनवरच थेट विचारा: ट्रॉमावर काम करायचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? ईएमडीआर ही ट्रॉमावरची उपचारपद्धत वापरता की दुसरी? चांगल्या थेरपिस्टला अशा प्रश्नांचा राग येत नाही. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील, तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. नुसत्या पाटीवर जाऊ नका.

पण खरी पारख पहिल्या भेटीत होते. एका ठिकाणी मला पाचव्या मिनिटाला ‘नेमकं काय झालं, सविस्तर सांगा’ म्हणाले. पुढच्या तीन रात्री मी झोपले नाही. आताच्या थेरपिस्ट ताईंनी आधी विचारलं, “दाराजवळची खुर्ची हवी का?” मग म्हणाल्या, “आज काहीच सांगायचं नसेल तरी चालेल.” आवळलेले खांदे तिथेच सैल झाले. गती तुमची हवी, त्यांची नव्हे.

मराठीतून बोलता येईल ना, हेही विचारा. घरातलं भांडण इंग्रजीत सांगताना माझं निम्मं आतच राहायचं.

तीन-चार भेटींनंतरही जमत नसेल तर खुशाल बदला, अपराधी वाटून घेऊ नका. आणि आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतसुद्धा.