मांजर ताटलीपाशी येऊन मागे फिरतं? आधी हिरड्या बघा

मोखाड्यात नागली-वरईला उंदरांपासून राखायला पुष्कळ घरांत मांजर असतं. ते खायला धावतं, घास तोंडात घेताच ओरडून मागे सरतं, याला नखरे समजू नका. बऱ्याचदा हिरड्या सुजलेल्या असतात. लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, अंग चाटणं थांबल्याने केस विस्कटतात.

मांजरांच्या निवारागृहांत हा त्रास जास्त, कारण दाटीवाटीत कॅलिसी विषाणू लाळेतून, सामायिक भांड्यांतून पसरतो. काही मांजरांच्या हिरड्यांपासून घशापर्यंत लालभडक व्रण होतात. मग भूल देऊन दात काढावे लागतात, कधी जवळजवळ सगळेच. ऐकायला क्रूर वाटतं, पण दुखणं गेल्यावर बहुतेक मांजरं बिनदातांचीही पोटभर जेवतात.

कळकळीने सांगते, दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका! अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. दात काढायची वेळ आलीच, तर मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.