पुसण्याने झिजणारी पाटी

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने आपल्या संगणकात ५०० जीबीची नवी एसएसडी बसवून घेतली आणि ती लवकर झिजू नये या काळजीने तीन पथ्ये मुक्रर केली: डाउनलोड आणि तात्पुरत्या फाइलींची रवानगी जुन्या हार्ड डिस्कवर, विंडोजची पेजफाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा, बंद, आणि दरमहा न चुकता एका वेगळ्या सॉफ्टवेअरने डीफ्रॅग. पहिल्या दोहोंमुळे, ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेगच हातचा गेला; तिसरे पथ्य तर सरळसरळ अपायकारक होते. नव्या वस्तूला जपण्याची त्याची वृत्ती मला मोलाची वाटते. म्हणूनच तिला नेमके कशापासून जपावे, हे सांगणे अगत्याचे आहे.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी आणि १९८७ साली तिचा नँड हा प्रकार जगापुढे मांडला. आजच्या एसएसडी या दुसऱ्या प्रकारावर उभ्या आहेत. त्यांच्यात फिरणारी तबकडी नसते. अतिसूक्ष्म कोठ्यांत विद्युत्कण कोंडून मजकूर साठवला जातो, आणि त्या कणांना आत लोटताना व बाहेर काढताना भोवतीच्या निरोधक थराला दर वेळी किंचित इजा पोहोचते. शाळेतल्या पाटीवरचे एक अक्षर बोटाने पुसून तेथेच दुसरे लिहिता येते. या पाटीवर लिहिणे पानापानाने होते, परंतु पुसायचे तर शेकडो पानांचा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो. एका कोठीत एकच बिट ठेवणारी महागडी जात असे सुमारे १ लाख फेरे सोसते; घरगुती एसएसडीच्या कोठीत बहुधा तीन बिट दाटीने बसवलेले असल्यामुळे ही सहनशक्ती साधारण १ ते ३ हजारांवर येते.

एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण आतला कंट्रोलर मोठा दक्ष कारभारी आहे. आपण एकच फाइल शंभर वेळा सेव्ह केली, तरी तो ती दर वेळी नव्या, कमी झिजलेल्या जागी उतरवतो आणि तलाठ्याने फेरफाराची नोंद घालावी तसा तिचा नवा ठिकाणा आपल्या दप्तरी टिपून ठेवतो. मात्र डिस्क काठोकाठ भरली, की एक गठ्ठा मोकळा करण्यासाठी त्यातली उपयोगाची पाने उचलून दुसरीकडे लिहावी लागतात, आणि आपण एक पान लिहिले तरी आत चार लिहिली जातात. म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. फाइल डिलीट झाल्याची वर्दी विंडोज ७ पासून 'ट्रिम' या हुकमाने कंट्रोलरला मिळते. ती व्यवस्था बंद करू नये. डीफ्रॅगने फाइलींचे तुकडे एका रांगेत आणणे ही हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीची गरज होती. येथे त्याने वेग तर वाढत नाहीच, उलट लेखन मात्र विनाकारण घडते.

आता जमाखर्च पाहू. सॅमसंगच्या ५०० जीबीच्या ८७० ईव्हीओ या एसएसडीला पाच वर्षे किंवा ३०० टीबी लेखन, यांतले जे आधी पुरे होईल तिथपर्यंत हमी आहे. माझ्या संगणकात डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून पाहिले, तर सहा वर्षांत एकूण लेखन २२ टीबी, म्हणजे दिवसाला सुमारे १० जीबी भरले. याच्या तिप्पट लिहिले, तरी ३०० टीबी संपायला १० हजार दिवस, म्हणजे २७ वर्षे लागतील. या हिशेबापुढे पेजफाइल बंद करून वाचवलेले लेखन अगदीच जुजबी ठरते.

खरा धोका वेगळाच आहे. कंट्रोलर नोंदी लिहीत असतानाच वीज गेली, तर कोठ्या धडधाकट असूनही दप्तर बिघडू शकते, आणि मग सारी डिस्कच निरुपयोगी होते. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा खडखडते. एसएसडी कित्येकदा काहीच न सांगता जाते, आणि ट्रिम झालेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते. जुनी, झिजलेली एसएसडी विजेवाचून कपाटात ठेवून देणेही बरे नव्हे: लेखनाची मर्यादा पुरी झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात, वीज नसताना, एक वर्षभर मजकूर राखावा इतकीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे, आणि उष्णता वाढली की ही मुदत घटते. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीतले कपाट कसे तापते, ते मला ठाऊक आहे.

एका रविवारी मी भाच्याकडे बसून पेजफाइल पूर्ववत केली, डीफ्रॅगचे ते सॉफ्टवेअर काढून टाकले, आणि त्याने लहानसा यूपीएस आणून जोडला. त्याच्या आजोबांची पत्रे त्याने स्कॅन करून ठेवली होती, आणि त्यांची एकच प्रत, नेमकी त्या नव्या एसएसडीवरच, होती. ती हार्ड डिस्कवर उतरवायला वीस मिनिटे लागली. संगणकातून काढून एका डबीत बसवलेली ती जुनी डिस्क आता दर रविवारी केबलने जोडली जाते, आठवड्याचे नवे काम तिच्यावर उतरते, आणि मग ती पुन्हा खणात जाते.