सैलानी : होळीच्या जाळापाशी उभी असलेली माणसे

चिखली तालुक्यातली उंद्री, म्हणजेच उदयनगर. या पट्ट्यात घरातले कुणी एकाएकी बरळू लागले, रात्र रात्र जागू लागले, की 'बाहेरची बाधा' हा शब्द निघतो आणि पाठोपाठ सैलानीचे नाव येते. चिखलीमार्गे पुढे गेले की बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा लागतो.

इथे हिंदू-मुसलमान दोघेही येतात. होळीला यात्रा भरते. आजाऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवलेले नारळ आणि अंगावरचे कपडे होळीत टाकले जातात. नारळांचा डोंगर धडधडून पेटतो. पीडा जळाली, या भावनेने माणसे हात जोडतात. पुढे रंगपंचमीच्या सुमारास संदलाची मिरवणूक निघते.

भुताखेतांची ही भीती आपल्यापुरती नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसांना मारले गेले. त्यांत बायका सर्वाधिक होत्या. तिथेच १५६३ मध्ये योहान वायर या वैद्याने ग्रंथ लिहून सांगितले, की आपण चेटकीण असल्याची कबुली देणाऱ्या कितीतरी बायका मनाने आजारी आहेत. त्यांना सरण नको, वैद्य हवा.

वायरचे म्हणणे आपल्याकडे कायद्यात उतरायला २०१३ साल उजाडले. २० ऑगस्टला अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई केली. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ २००१ मध्ये मनोरुग्णांच्या आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडात अडकलेले २८ रुग्ण जळून गेले, हे विसरता येत नाही.

सैलानीला येणाऱ्यांचे दुःख खरे असते. आजारी लेकीला घेऊन आलेल्या आईला वेडगळ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. गुजरातेत उनावाच्या मीरादातार दर्ग्यात 'दवा' आणि 'दुवा' शेजारी बसली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. सैलानीच्या यात्रेतही मनोविकारतज्ज्ञांची राहुटी हवी. नारळ आगीत टाकून झाल्यावर त्या आईने लेकीचा हात धरून तिथवर जावे, आणि परतताना तिच्या पिशवीत औषधाची चिठ्ठी असावी.