पुंगळी बाहेर कशी उडते?

बोल्ट रायफल झाडली की काडतुसाची पितळी पुंगळी नळीतच राहते. ती निघाल्याशिवाय पुढचे काडतूस भरता येत नाही. रणांगणावर तेवढा खोळंबाही जिवावर बेततो.

१८९८ च्या जर्मन माउझर रायफलीत बोल्ट मागे ओढला की त्याचा आकडा पुंगळीची उजवी कड धरून तिला खेचतो. शेवटी डावी कड एका स्थिर पोलादी पात्यावर आपटते. झाले! पुंगळी गर्रकन फिरून उजवीकडे बाहेर पडते. टेबलावर काड्यापेटी ठेवा, जवळचा डावा कोपरा बोटाने अडवा आणि उजवा स्वतःकडे ओढा, म्हणजे पटेल. यालाच आपण बलयुग्म म्हणतो.

मात्र इथे सारा जोर हाताचा. बोल्ट सावकाश ओढला तर पुंगळी आतच लवंडण्याची भीती. १९६२ च्या अमेरिकन रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगचा दट्ट्या आहे. तो पुंगळीला सतत रेटतो. तिचे तोंड मोकळे होताच ती उडते, मग हात कितीही मंद असो. पण दट्ट्याच्या छिद्रात पितळेचा कीस साचला की तो अडकतो. शिवाय पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्या काही नेमबाजांना जुने पातेच आवडते: बोल्ट हळू ओढला की पुंगळी गवतात न हरवता हाती येते.