बंद सगळ्यांचा, भुर्दंड कोणाचा?

बारामतीहून भिगवणकडे निघाले की एमआयडीसीचे कारखाने लागतात. रुई, तांदूळवाडी, कटफळ, गोजुबावी या गावांच्या शिवारात ही वसाहत उभी राहिली. पाळीच्या वेळेला इथला रस्ता माणसांनी फुलून जातो. कोणी सायकलवर, कोणी मोटारसायकलवर, कोणी कंपनीच्या बसमधून. त्यात बारामतीचे आहेत, इंदापूर तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतले आहेत आणि बिहार-उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेलेही आहेत. मार्च २०२० मध्ये हा रस्ता एका रात्रीत ओस पडला. तो पुढे सुरू झाला, पुन्हा आवळला गेला, पुन्हा मोकळा झाला. शेवटी १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले सगळे कोरोना निर्बंध उठले. आता तो काळ लोक विसरू लागले आहेत. पण त्या दोन वर्षांचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

त्या वेळी पारावर, डेअरीवर, बाजारपेठेत वाद झडत होते. टाळेबंदी हवी की नको, दुकाने किती वाजेपर्यंत, बाजार भरवायचा की नाही? वरवर पाहता हा वाद रोगाचा वाटे. वास्तविक रोगाची भीती सगळ्यांनाच होती. खरा वाद होता तो बंदचे बिल कोणी भरायचे याचा.

एकाच रस्त्यावर दोन तऱ्हा

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, दुसऱ्या दिवसापासून राज्यात आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. बारामतीत एप्रिलमध्ये रुग्ण वाढताच राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर शहर बंदिस्त करण्यात आले. माणसाने घराबाहेर पडायचे नाही, किराणा-भाजी घरपोच येईल, अशी ती पद्धत. रोगाची साखळी तोडायला तिचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रशासनापुढे तरी दुसरा मार्ग काय होता? रोग नवा, औषध नाही, लस नाही.

पण एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याच दिवसांत काय दिसत होते पाहा. दूध प्रक्रिया करणारे कारखाने अत्यावश्यक सेवेत, म्हणून त्यांचे फाटक उघडे. वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचे फाटक बंद. २० एप्रिल २०२० पासून केंद्राने ग्रामीण भागातल्या उद्योगांना परवानगी दिली, ती अटींवर. कामगारांची राहण्याची सोय आवारात करा, नाहीतर वाहनाने आणा-न्या. मोठ्या कंपनीला हे जमते. दहा-पंधरा माणसांवर लेथ मशीन चालवणाऱ्या लघुउद्योजकाने आवारात खाटा टाकायच्या कुठे? साहजिकच मोठ्यांचे आधी सुरू झाले, छोट्यांचे मागे राहिले.

पगाराचेही तसेच. बंदच्या काळात पूर्ण पगार द्या, असा आदेश २९ मार्च २०२० ला केंद्राने काढला. मे महिन्यात तो मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालक आणि कामगारांनी आपसात बसून मिटवावे. आता आपसात बसायला संघटना लागते. कायम कामगाराला ती आहे. ठेकेदाराकडच्या कंत्राटी पोराने कोणासमोर बसायचे? त्याचा ठेकेदारच फोन उचलत नव्हता, ही तक्रार त्या काळात गावोगाव ऐकू येत होती.

गाईला टाळेबंदी कळत नाही

दुसरी तऱ्हा दुधाची. टाळेबंदीत दूध बंद नव्हते, हे खरे. पण हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने, लग्नाचे मांडव सगळे बंद. दूध प्यायला शहर शिल्लक राहिले, पण खव्याला, आइस्क्रीमला, मिठाईला गिऱ्हाईक उरले नाही. तीस रुपयांच्या वर गेलेला गाईच्या दुधाचा भाव विसाच्या आसपास आला, काही ठिकाणी त्याच्याही खाली. पेंडीचे पोते मात्र स्वस्त झाले नाही.

साधा हिशेब करा. दावणीला दोन गाई, दिवसाला वीस लिटर दूध. लिटरमागे दहा रुपये गेले तर दिवसाचे दोनशे, महिन्याचे सहा हजार. बारामती-इंदापूरच्या कितीतरी घरांत दुधाचा पगार म्हणजे किराणा, पोरांची फी आणि सोसायटीचा हप्ता. त्यातले सहा हजार गेल्यावर उरते काय?

सरकारने काही केले नाही असे नाही. एप्रिल २०२० पासून रोज दहा लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आली. तथापि ती सहकारी संघांमार्फत होती. आपल्या भागातले पुष्कळ दूध खासगी संकलन केंद्रावर जाते. त्या उत्पादकाला योजना पेपरात वाचायला मिळाली.

मग जुलै-ऑगस्टमध्ये दुधाचे आंदोलन पेटले. ऑगस्टच्या अखेरीला राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली बारामतीत दूध दरासाठी मोर्चा निघाला, जनावरेही रस्त्यावर आणली गेली. मोर्चेकऱ्यांवर साथीचे नियम मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांच्या बाजूने पाहिले तर जमावबंदी होती, रुग्ण वाढत होते, गर्दी धोक्याचीच होती. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ग्रामसभा स्थगित, सभा-बैठका बंद. मग गाऱ्हाणे मांडायचे कुठे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि म्हणूनच तो वाद मिटत नव्हता.

शटर आणि हातगाडी

सप्टेंबर २०२० मध्ये बारामतीत पुन्हा जनता कर्फ्यू लागला. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत कडक टाळेबंदी झाली, तीही वाढवावी लागली. ऑक्सिजनच्या खाटेसाठी माणसे रात्रभर फोन फिरवत होती, तेव्हा बंद नको म्हणणाऱ्याचीही जीभ रेटत नव्हती. व्यापाऱ्यांचे म्हणणे तरी काय होते? कारखाना चालतो, मग आमच्याच शटरला कुलूप का? भाडे, वीजबिल, नोकरांचा पगार थांबत नाही. ते चुकीचे नव्हते. पण शटरवाल्याचा आवाज निदान वर पोहोचत होता. बाजारच्या दिवशी चार वाफ्यांची मेथी घेऊन बसणाऱ्या बाईचा, हातगाडीवाल्याचा, वडापवाल्याचा आवाज कोणी ऐकला?

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने मदत जाहीर केली. नोंदीत बांधकाम कामगार, नोंदीत घरकामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि नोंदीत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. रक्कम लहान, पण अडचणीतल्या घराला तेवढाही आधार. मात्र यातला "नोंदीत" हा शब्द नीट वाचा. ज्याचे नाव रजिस्टरला होते त्याच्या खात्यात पैसे आले. ज्याचे नव्हते, त्याने बंद तेवढाच पाळला आणि हाती काही पडले नाही.

रेशनचीही तीच गत. कार्ड असलेल्याला एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य मिळाले. केशरी कार्डवाल्याला मे-जूनमध्ये आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ मिळाला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे कार्ड त्याच्या गावी. त्याच्यासाठी योजना आली तेव्हा त्यातले बरेच जण चालत निघूनही गेले होते.

आणि ऊसतोड कामगार? गळीत हंगामाच्या शेवटी ते राज्यातल्या कारखान्यांवर अडकले. १७ एप्रिल २०२० ला त्यांना घरी जायची परवानगी मिळाली तेव्हा सरकारी आकडा होता ३८ कारखान्यांवरचे सुमारे १ लाख ३१ हजार. साखर अत्यावश्यक म्हणून गाळप चालू, ऊस तोडणारा मात्र फडातल्या कोपीत. गावात घ्यायला गाव तयार नाही, घरी जायला रस्ता नाही.

कायदा काय म्हणतो?

हे निर्बंध दोन कायद्यांच्या आधारे लागले. पहिला १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी तो घाईने केला. घरझडत्यांवरून पुण्यात त्या वेळी केवढा असंतोष झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात हाच कायदा १३ मार्च २०२० ला लागू झाला. बंद करण्याचे अधिकार त्यात आहेत, पण रोजी बुडालेल्याच्या भरपाईबद्दल अवाक्षर नाही.

दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या बाराव्या कलमात मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितले आहे. मृत्यूबद्दल सानुग्रह मदत, आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी मदत, दोन्हींचा त्यात उल्लेख आहे. पहिल्या भागावर सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला आदेश दिला आणि मृताच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळू लागले. दुसऱ्या भागाचा, म्हणजे उपजीविकेचा, असा सरसकट आकडा ठरला नाही.

पुन्हा येणारच

हे जुने उगाळायचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण निर्बंध उठून सहा महिने होत नाहीत तोच, सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आला. पुन्हा बंद आला, या वेळी जनावरांच्या बाजारांना. दगावलेल्या दुभत्या जनावराला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार आणि वासराला सोळा हजार मदत ठरली. निदान आकडा ठरलेला होता, पंचनाम्याची रीत होती. पण बाजार बंद म्हणून ज्याची विकाऊ गाय दावणीलाच राहिली, त्याचे नुकसान पुन्हा कोणत्याच रकान्यात बसले नाही. म्हणजे धडा अर्धाच शिकलो.

उरलेला अर्धा धडा गावपातळीवर गिरवता येईल, आणि तो ग्रामसेवक, तलाठी, सरपंच यांच्या हातात आहे. साथ नसताना रजिस्टर भरून ठेवणे हेच ते काम. गावातले बांधकाम मजूर, फेरीवाले, वडापवाले, कंत्राटी कामगार, भाडेकरू परप्रांतीय, फडावरची ऊसतोड कुटुंबे, यांची यादी ग्रामपंचायतीत असावी. बांधकाम मजुराला नव्वद दिवस कामाचा दाखला लागतो, तो अडवून ठेवू नये. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे, ती करून घ्यावी. दूध उत्पादकांनी संकलन केंद्राच्या पावत्या जपून ठेवाव्यात. उद्या नुकसान दाखवायचे तर कागद लागतो.

आणि बंदचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत व्यापारी आणि कारखानदार यांच्यासोबत दूधवाला, भाजीवाली आणि कंत्राटी कामगार यांच्या बाजूने बोलणारे कोणीतरी असावे. साथ आली तर बंद पाळावाच लागेल. तो गाव पाळेलही, गेल्या खेपेला पाळलाच. फक्त कुलूप लावण्याआधी आत कोण कोण उपाशी राहणार आहे, एवढे मोजून घ्यावे.