उतारावरची शर्यत

शर्यत म्हटली की चुरस आली, आणि चुरस आली की नियमाला बगल देण्याचा मोहही आला. हा मोह पैशासाठी धावणाऱ्यांनाच होतो, अशी आमची समजूत होती. अमेरिकेतील ‘सोप बॉक्स डर्बी’ या मुलांच्या हौशी शर्यतीची हकीकत कळली आणि ती समजूत ढासळली.

या गाड्यांना इंजिन नसते. मुलाने स्वतःच्या हातांनी गाडी बनवायची आणि उतारावरून सोडायची; ओढ काय ती पृथ्वीची! १९३४ साली ओहायो राज्यातील डेटन येथे सुरू झालेली ही स्पर्धा पुढच्याच वर्षी ॲक्रनला गेली आणि तेथेच रुजली.

१९७३ साली कोलोरॅडोतील एक चौदा वर्षांचा मुलगा तेथे पहिला आला. परंतु त्याची गाडी सुटताक्षणीच इतरांच्या पुढे जाई, याचा संशय आला. क्ष-किरणांनी तपासणी केली, तो गाडीच्या नाकाडात विद्युतचुंबक दडवलेला! मुलाने डोके मागे टेकले की कळ दाबली जाई. गाडी अडवून धरणारी पोलादी फळी पुढे पडू लागली की चुंबक तिच्यामागे खेचला जाई आणि गाडीला आयता हिसका मिळे. दोनच दिवसांत त्याचे विजेतेपद रद्द झाले आणि ते दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला मिळाले.

ही करामत मुलाची एकट्याची नव्हती. त्यामागे नात्यातलेच एक वडीलधारे इंजिनिअर गृहस्थ होते. त्यांनी ते कबूल केले. मात्र नियम तेथे सर्रास मोडले जातात, असे त्यांचे समर्थन होते. मुलांच्या गाड्यांना मोठ्यांचे हात लागत, हे खरेच होते. पण म्हणून चुंबक क्षम्य ठरत नाही.

वाचकहो, त्या गृहस्थांना नावे ठेवण्यापूर्वी आम्हांस आमचेच घर आठवले. शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलाने केलेला किल्ला वाकडा दिसला, म्हणून रात्री तो निजल्यावर आम्ही बुरूज सरळ केले होते. बक्षीस मिळाले. घरी आल्यावर मुलाने ते आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, “बाबा, हे तुमचं.”

त्या बोलण्यात राग नव्हता, हेच आम्हांस अधिक लागले. पुढच्या वर्षीचा किल्ला वाकडाच प्रदर्शनात गेला.