रेषा थरथरते तेव्हा

जुना ऑसिलोस्कोप सुरू केला, नळी तापली, हिरवी रेषा उमटली. पण ती सरळ नाही. आत काहीच जोडलेलं नसताना लाटेसारखी हलते आहे. अशा वेळी ट्रिगरचा खटका ‘लाइन’वर न्यायचा. लाट जागच्या जागी थबकली, तर तिचं मूळ घरातल्या विजेत आहे. मग पडद्यावरच्या चौकटींवर दोन शिखरांमधलं अंतर मोजायचं. ते 10 मिलिसेकंद भरलं, म्हणजे 100 हर्ट्झ. आपली वीज 50 हर्ट्झची. रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू एका दिशेला वळवतो, म्हणून दुप्पट. हे चढउतार भरून काढून सपाट दाब देणं हे फिल्टर कपॅसिटरचं काम, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. यंत्र आपलं दुखणं आपल्याच पडद्यावर दाखवतं, हा या कामातला माझा सर्वात आवडता क्षण.

हा कपॅसिटर म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी, मध्ये इलेक्ट्रोलाइटने भिजलेला कागद. वीज अडवतो तो मात्र कागद नव्हे, पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर. त्याची जाडी दर व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर. 100 व्होल्ट पेलणारा थरसुद्धा माणसाच्या केसाच्या जाडीच्या काही सहस्रांशच भरतो. आतला ओलावा रबरी बुचातून वर्षानुवर्षं झिरपत जातो, अंतर्गत रोध वाढतो, कपॅसिटर आणखी तापतो आणि आणखी लवकर सुकतो. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. 85 अंशांना 2000 तास टिकणारा कपॅसिटर 45 अंशांना 32,000 तास टिकेल, म्हणजे अखंड चालवला तर पावणेचार वर्षंही नाहीत. व्हॉल्व्हच्या यंत्रांत आतली हवा तापलेलीच असते, हे इथे आठवावं.

नुसतं पडून राहणंही त्याला मानवत नाही. दाब नसला की ऑक्साइडचा थर हळूहळू कमकुवत होतो. अनेक वर्षं माळ्यावर राहिलेलं यंत्र म्हणूनच थेट प्लगला लावू नये. कपॅसिटर सोडवून, मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून सावकाश दाब चढवला, तर पुष्कळदा तो थर पुन्हा भरून येतो.

टँटॅलमच्या मण्यांची तऱ्हा वेगळी. ते सुकत नाहीत. एखाद्या दिवशी अचानक शॉर्ट होतात आणि त्या ओळीवरचा सगळा सप्लाय खाली ओढतात. यंत्र बंद ठेवून प्रत्येक सप्लायचा जमिनीशी रोध मोजला की गुन्हेगार कुठल्या ओळीवर आहे ते कळतं.

यंत्र उघडल्याबरोबर सगळेच कपॅसिटर उपटून नवे बसवणं मला पटत नाही. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा ठणठणीत असतात. वेळ मोजणाऱ्या सर्किटमधले तर कारखान्यात जुळवून निवडलेले. ते हलवले की पडद्यावरचा सेकंदच चुकतो. आधी मोजावं, मग सोल्डरिंग आयर्न तापवावं. तत्पूर्वी बंद यंत्रातला साठलेला भार रेझिस्टरमधून उतरवावा, कारण प्लग काढल्यावरही तो जिवावर बेतू शकतो. नवा भाग घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात, तर बनावटीची तारीख विचारा. दुकानात पडून राहिलेला ‘नवा’ कपॅसिटरही म्हाताराच.

अमेरिकेतल्या ओरेगनच्या टेक्ट्रॉनिक्सच्या 1950-60च्या दशकांतल्या स्कोपमध्ये सुटे भाग सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले असत. त्या खाचांना चांदीचा मुलामा. साधं सोल्डर वापरलं तर ते ही चांदी आपल्यात विरघळवून घेतं आणि जोड पट्टीवरून सुटतो. त्यासाठी सुमारे 3 टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. कंपनी त्याचं एक छोटं रीळ स्कोपच्या पोटातच ठेवून देई, पुढे कधीतरी तो उघडणाऱ्या माणसासाठी. झाकण काढल्यावर ते आजही काही यंत्रांत तसंच सापडतं.